मोटारीच्या गिअरबॉक्सचा ताप व त्यावरील उपाय

यंदाच्या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासपर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हाला केली. आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध सायकलची चेन बसविण्यापलीकडे कधी आला नव्हता. असे असूनही मोटारीच्या गिअरबॉक्ससारखा विषय आम्ही निवडला, त्यामागे एक कारण आहे. आपल्या संस्थेच्या परिवारातील अनेक तरुण आज टॅक्सी चालवितात. गाडी कर्जाची असते आणि तिच्या चाकावर साऱ्या घराचे पोट असते. अशी गाडी एका छोट्याशा गैरसमजापायी उभी राहिलेली आम्ही जवळून पाहिली. तो गैरसमज इतरांचा तरी होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडलेली घटना

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलाने जुनी ऑटोमॅटिक गाडी कर्जावर घेतली व टॅक्सी म्हणून चालवावयास सुरुवात केली. सोनेगाव विमानतळ ते धरमपेठ, रामदासपेठ अशा फेऱ्या आणि मधूनमधून समृद्धी महामार्गाने शिर्डी. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून शिर्डीची भाडी त्याला बऱ्यापैकी मिळू लागली होती. इतक्या लांबच्या फेऱ्यांत गाडीने कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे गाडीवर त्याचा पूर्ण भरवसा बसला.

२०२३ च्या मे महिन्यात, नवतपा सुरू असताना, त्याला चिखलदऱ्याचे भाडे मिळाले. गाडीत चार प्रवासी, मागे व छतावर सामान आणि एसी पूर्ण चालू. परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि चिखलदरा समुद्रसपाटीपासून जवळजवळ ११०० मीटर उंचीवर आहे. अर्ध्या घाटात समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. मुलाने इंजिनच्या तापमानाचा काटा पाहिला. तो नेहमीच्या जागी होता. इंजिन ठीक आहे, तेव्हा दिवाच खराब झाला असावा, असे समजून तो पुढे निघाला. वर पोहोचेपर्यंत जळका वास येऊ लागला होता. दुसऱ्या दिवशी उतरताना गिअर पडताना झटके बसू लागले आणि नागपुरात आल्यावर गाडी जागची हलेना. इंजिन नुसते ओरडत असे, चाके मात्र फिरत नसत.

वर्कशॉपमध्ये आम्हीही त्याच्यासोबत गेलो होतो. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काका, काटा तर मधातच होता हो!" तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीने हात पुसत सांगितले, "साहेब, इंजिनले ताप नव्हता, गिअरबॉक्सले होता." या लेखातील सर्व विवेचन म्हणजे या एका वाक्याचा अर्थविस्तार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

गिअरबॉक्स कशासाठी?

इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते, चाके त्या मानाने फारच सावकाश फिरतात. गाडी जागेवरून उचलताना किंवा चढ चढताना वेग कमी आणि जोर जास्त लागतो. सपाट रस्त्यावर जोर कमी आणि वेग जास्त लागतो. वेग आणि जोर यांची ही अदलाबदल दातेरी चाकांच्या साहाय्याने करणारी पेटी म्हणजे गिअरबॉक्स होय.

साध्या गाडीत, म्हणजे अॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती ८०० यांच्यासारख्या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट असते. क्लच दाबला की जोड सुटतो, सोडला की जोड घट्ट बसतो. घट्ट बसल्यावर घसरण नाही आणि घसरण नाही म्हणून फारशी उष्णताही नाही. दातांच्या घर्षणाने जी थोडी उष्णता होते, ती पेटीतील तेल झेलते, पेटीच्या धातूला देते आणि खालून जाणारा वारा ती घेऊन जातो. म्हणून अशा साध्या गाड्यांत गिअरबॉक्ससाठी वेगळा कूलर सहसा नसतो.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे पेडल नसते. तेथे क्लचप्लेटऐवजी 'टॉर्क कन्व्हर्टर' नावाचा तेलाने भरलेला गोल डबा असतो. त्याचे काम समजण्यासाठी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवावेत. एकाची वायर जोडून तो चालू करावा, दुसऱ्याची वायर मोकळी ठेवावी. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. डब्यामध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनला जोडलेले पात्यांचे चाक तेल फेकते, त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे चाक फिरते आणि ते गिअरबॉक्सला फिरविते. दोहोंच्या मध्ये आणखी एक लहान चाक असते. ते परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते आणि त्यामुळे गाडी सुटताना इंजिनचा जोर सुमारे दुप्पट होऊन मिळतो.

ही युक्ती मूळची मोटारीसाठी नव्हतीच. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत तेलाचा जोड आणि आपोआप बदलणारे गिअर मोठ्या प्रमाणावर आले ते अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या १९४० च्या मॉडेलपासून. आपल्या देशात मनमोहन सुरी या अभियंत्याने रेल्वेच्या डिझेल इंजिनासाठी याच तत्त्वावर स्वतःची रचना तयार केली. 'सुरी ट्रान्समिशन' या नावाने ती ओळखली जाते आणि सुरी यांना १९६२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. नागपूरच्या मोतीबाग शेडमधील नॅरोगेजच्या डिझेल इंजिनांतही शक्ती तेलामार्फतच चाकांकडे जात असे. तेव्हा लहानपणी इतवारीहून नागभीडकडे छोट्या गाडीने गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तेलाच्या जोडाचा प्रवास नकळत केलेला आहे.

उष्णता येते कोठून?

दोन टेबलफॅनच्या उदाहरणात दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. तो थोडा मागे राहतो. या मागे राहण्याला 'स्लिप', म्हणजे घसरण, असे म्हणतात. घसरणीत गेलेली शक्ती नाहीशी होत नाही. शक्तीचा नाश होत नाही, तिचे केवळ रूप बदलते, हा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. येथे ती तेल घुसळण्यात खर्च होते आणि तेल तापते.

आता थोडा हिशेब करू. हिशेब हा आमचा रोजचाच धंदा आहे. समजा, घाट चढताना इंजिन ४० किलोवॅट शक्ती देत आहे आणि त्यातील १५ टक्के शक्ती गिअरबॉक्समध्ये वाया जाते. म्हणजे ६ किलोवॅट. घरी बादलीत पाणी तापविण्याचा रॉड साधारणपणे दीड किलोवॅटचा असतो. याचा अर्थ, चढावर गिअरबॉक्सच्या तेलात जणू असे ४ रॉड एकाच वेळी टाकलेले असतात.

पेटीतील तेल ६ किलो धरले आणि १ किलो तेल १ अंशाने तापविण्यास २ किलोज्यूल उष्णता लागते असे धरले, तर सर्व तेल १ अंशाने तापविण्यास १२ किलोज्यूल लागतात. ६ किलोवॅट म्हणजे सेकंदाला ६ किलोज्यूल. म्हणजे तेल २ सेकंदांत १ अंश आणि मिनिटाला ३० अंश तापेल. प्रत्यक्षात पेटीचा जड धातूही उष्णता शोषून घेतो, त्यामुळे तेल इतके झपाट्याने तापत नाही. परंतु उष्णता बाहेर काढण्याची सोय नसेल, तर घाटातील काही मिनिटे पुरेशी होतात, हे यावरून ध्यानात यावे.

मग हीच गाडी शिर्डीच्या लांब रस्त्यावर का तापली नाही? याचे उत्तर 'लॉक-अप क्लच' या भागात आहे. गाडीने सपाट रस्त्यावर एकसारखा वेग घेतला की हा क्लच समोरासमोरची दोन्ही चाके एकमेकांशी पक्की जोडून टाकतो. घसरण जवळजवळ शून्य होते आणि तेल घुसळणे थांबते. घाटात मात्र वेग कमी-जास्त होतो, गिअर सारखे बदलतात, लॉक-अप सुटतो आणि घसरण पुन्हा सुरू होते. वर्धा रोडवरील गर्दीत दर सिग्नलला थांबत जाताना लहान प्रमाणावर हेच घडते. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे चढावर ब्रेक न लावता, अॅक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी रोखून धरणे. गाडी एक इंचही सरकत नाही, तेव्हा कन्व्हर्टरला मिळणारी सगळी शक्ती तेलाची उष्णता बनते.

तेल थंड कसे होते?

धरमपेठेत उन्हाळ्यात घराघराच्या खिडकीला कूलर लागतो. गिअरबॉक्सचा कूलर मात्र त्यासारखा पाणी उडवून थंड करीत नाही. त्याचे काम पुष्कळसे रेडिएटरसारखे असते.

गिअरबॉक्समधील पंप गरम तेल एका पाइपने बाहेर काढतो. बऱ्याच गाड्यांत हा पाइप इंजिनच्या रेडिएटरकडे जातो. रेडिएटरच्या एका टाकीत पाण्यात बुडालेली एक बंद नळी असते. तेल त्या नळीतून वाहते आणि भोवतीच्या कूलंटला उष्णता देऊन दुसऱ्या पाइपने परत येते. तेल व पाणी यांची भेट होत नाही, मध्ये फक्त धातूची पातळ भिंत असते. काही गाड्यांत यानंतर किंवा याऐवजी तेलाचा वेगळा छोटा रेडिएटर गाडीच्या तोंडाशी बसविलेला असतो व त्याला समोरचा वारा थंड करतो.

येथे विद्यार्थी विचारतील की, इंजिनचे पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास गरम असते, ते तेलाला थंड कसे करणार? उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. तेल १२० अंशांवर असेल, तर ९० अंशांचे पाणीही त्याच्या दृष्टीने थंडच आहे. शिवाय याचा दुसरा फायदा असा की, डिसेंबरच्या पहाटे नागपुरात कडाक्याची थंडी असते तेव्हा गोठल्यासारख्या जाड झालेल्या तेलाला हेच पाणी लवकर कामाच्या तापमानावर आणते. साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे तेल सुखाने काम करते.

आता नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करू. तेल १०० अंशांवर आणि बाहेरची हवा ३० अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. मे महिन्यात हवा ४६ अंशांवर गेली की तोच फरक ५४ अंशांवर येतो. हवेला दिली जाणारी उष्णता साधारणपणे या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणजे तोच कूलर उन्हाळ्यात जवळपास पाव भाग कमी काम करतो. त्यात एसीची जाळी बहुधा त्याच तोंडाशी बसविलेली असते आणि तिची गरम हवा मागच्या रेडिएटरवर येते. डांबरी रस्त्याची धग वेगळीच. थंड प्रदेशात चालून जाणारा निष्काळजीपणा विदर्भात चालत नाही, तो यामुळे.

तापलेल्या तेलाचे दुष्परिणाम

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल चार कामे करते. ते शक्ती पोहोचविते, दात व बेअरिंगना वंगण देते, आपल्या दाबाने आतील क्लच दाबून धरते आणि उष्णता वाहून नेते. एक तेल बिघडले की चारही कामे बिघडतात.

कामाच्या तापमानावर प्रत्येक १० अंश वाढले की तेलाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. जास्त तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून काळे पडते आणि त्याचा चिकट थर बारीक वाटांमध्ये साचतो. रबरी सील कडक होऊन तडकतात, तेलाचा दाब कमी होतो. दाब कमी झाला की आतील क्लचप्लेट घट्ट बसत नाहीत, घसरू लागतात. घसरल्या की आणखी उष्णता, आणखी उष्णतेने आणखी खराब तेल. थकलेल्या हप्त्यावर व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज चढावे, तसा हा प्रकार आहे. सुरुवातीची रक्कम लहान असते, पण वेळेवर भरली नाही तर ती माणसाला बुडविते.

आमच्या मुलाच्या गाडीतून निघालेले तेल डांबरासारखे काळे होते. तोंडाशी असलेल्या छोट्या कूलरच्या जाळीत धूळ, किडे आणि कापसाचे तंतू यांचा पक्का थर बसलेला होता. जुन्या मालकाने तेल कधी बदलल्याची नोंद नव्हती आणि ज्या गॅरेजमध्ये मुलगा नेहमी जाई, तेथे "ऑटोमॅटिकचे तेल बदलायचे नसते" असे त्याला सांगण्यात आले होते. सपाट रस्त्याने हे सारे झाकून ठेवले, घाटाने उघडे पाडले.

निरनिराळ्या ऑटोमॅटिक गाड्या

क्लचचे पेडल नसलेली प्रत्येक गाडी एकाच जातीची नसते, हेही ध्यानात घ्यावे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर आपल्याकडे एएमटी हा स्वस्त प्रकार लोकप्रिय झाला. त्यात साधाच गिअरबॉक्स व साधाच क्लच असतो, फक्त पायाऐवजी यंत्र तो दाबते. तेथे धोका तेलापेक्षा क्लचप्लेट जळण्याचा अधिक असतो. सीव्हीटी प्रकारात पोलादी पट्टा दोन पुलींवरून फिरतो व त्याचे तेल निराळे असते. दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये काहींचे क्लच कोरडे, तर काहींचे तेलात बुडालेले असतात. आपली गाडी कोणत्या जातीची आहे, हे मालकाने गाडीच्या पुस्तकातून माहीत करून घेतलेच पाहिजे.

काय काळजी घ्यावी?

१) इंजिनचा काटा इंजिनपुरताच आहे. गिअरबॉक्सचा दिवा लागला की काटा कोठेही असो, सावलीची सुरक्षित जागा पाहून थांबावे. एसी बंद करावा, गिअर 'पी' वर ठेवून काही मिनिटे इंजिन चालू राहू द्यावे, म्हणजे पंप चालू राहून तेल कूलरमधून फिरत राहते. इंजिनचा काटाही चढला असेल, तर मात्र इंजिन बंद करावे.

२) घाटात खालचा गिअर हाताने निवडावा, म्हणजे गिअर सारखे बदलत नाहीत. चढावर थांबताना ब्रेक वापरावा, अॅक्सिलरेटर नव्हे.

३) उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर व कूलरची जाळी बेताच्या पाण्याने मागून पुढे धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

४) गाडीच्या पुस्तकात तेल बदलण्याचे वेळापत्रक असते. टॅक्सी, कडक ऊन आणि घाट यांसाठी बहुधा वेगळे, लवकरचे वेळापत्रक दिलेले असते. आपल्याला तेच लागू आहे. पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच तेल घालावे.

५) तेलाचा रंग व वास पाहावा. जळका वास धोक्याचा. तेल दुधट गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधील नळी फुटून त्यात कूलंट मिसळले आहे असे समजावे आणि गाडी चालवू नये.

६) बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी चालणारी चाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. इंजिन बंद असता पंप बंद असतो आणि वंगणाशिवाय गिअरबॉक्स जळतो. क्रेनवाल्याला हे आधीच सांगावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) तेल ११० अंशांवर असताना हवा २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली, तर कूलरचे काम किती टक्क्यांनी कमी होईल?
२) ९० अंशांचे पाणी तेलाला केव्हा थंड करील व केव्हा तापवील?
३) एकाच गाडीचा गिअरबॉक्स महामार्गापेक्षा घाटात जास्त का तापतो?

समारोप

विजेवर चालणाऱ्या गाड्या आता रस्त्यावर येत आहेत. त्यांना असा अनेक गिअरांचा गिअरबॉक्स बहुधा नसतो, परंतु मोटर आणि बॅटरी यांनाही थंड ठेवावेच लागते. यंत्र बदलले तरी उष्णतेचा नियम बदलत नाही.

आमच्या मुलाला गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी जवळजवळ वर्षभराच्या हप्त्यांइतका खर्च आला. गाडी दोन महिने उभी होती, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. त्याच्या आईने दागिने गहाण ठेवले आणि थोरल्या भावाने ओव्हरटाइम केला, तेव्हा कर्ज थकता थकता वाचले. जाळी धुणे आणि वेळेवर तेल बदलणे यांचा खर्च त्या रकमेच्या मानाने किरकोळच होता. आज तो मुलगा पुन्हा टॅक्सी चालवितो. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचे पुस्तक असते आणि त्याच्या शेवटच्या पानावर तेल बदलल्याच्या तारखा त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या आहेत. कर्जाचा कागद आपण वाचून सही करतो. ज्या गाडीसाठी ते कर्ज घेतले, तिचे पुस्तकही तितक्याच काळजीने वाचावे, एवढीच आमची तरुण वाचकांना विनंती आहे.